आईच्या गुडघ्याचा लिफाफा: सही करू द्यावी का?

ओसरी:
नमस्कार मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते पण आज घरात इतकी वादावादी झालीय की धागा काढतेच.

आई ६४ वर्षांची, चिंचवडला दादाकडे असते, मी ठाण्याला. डावा गुडघा तीन वर्षं दुखतोय. मांडी घालणं बंद, जिना उतरताना कठडा धरून आडवी आडवी उतरते. एक्सरेत झीज आहे पण वाटी बदलण्याइतकी नाही म्हणाले. फिजिओ केली, म्हणजे आठ दिवस केली, मग गणपती आले आणि ती राहिलीच. तेल, शेक, लेप, शेजारच्या काकूंनी दिलेला कसलासा काढा, सगळं झालंय.

आता ज्या हॉस्पिटलात दाखवतो (नाव नको) तिथे एक अभ्यास चाललाय. निम्म्या लोकांना पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन गुडघ्यात, आणि निम्म्यांना नुसतं सलाइन. कोणाला काय ते कॉम्प्युटर ठरवणार, बंद लिफाफ्यात. रक्त सगळ्यांचंच काढणार आणि सिरिंजला टेप गुंडाळणार, म्हणजे आत काय आहे ते आईलाही दिसणार नाही आणि नंतर तपासणाऱ्या डॉक्टरलाही माहीत नसणार. वर्षभर दर महिन्याला फोन आणि चार वेळा तपासणी. खर्च काही नाही, उलट रिक्षाचे मिळणार.

दादा म्हणतो आईला गिनीपिग करायचं नाही. नवरा म्हणतो हेच इंजेक्शन बाहेर घ्यायला हजारो मोजावे लागतात, इथे निम्मा चान्स आहे फुकट मिळायचा. आई म्हणते तुम्ही काय ते ठरवा. संमतीपत्र चौदा पानी आहे, मराठीत आहे म्हणे, पण "यादृच्छिकीकरण" आणि "अन्वेषक" वाचून आईने चष्मा पुसला आणि तेच वाक्य परत वाचलं.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. कोणी अशा चाचणीत भाग घेतलाय का?

कट्ट्यावरचा_बंड्या:
यादृच्छिकीकरण म्हणताना जबड्याचा सांधा निखळला तर भरपाई मिळते का ते आधी बघून घ्या. (हलके घ्या.)

मेतकूट:
वाचतेय. सासूबाईंचं अगदी हेच, फक्त गुडघा उजवा.

फटकळ_मावशी:
स्पष्ट बोलते, राग मानू नका. सही करू नका. माणूस दुखतंय म्हणून डॉक्टरकडे जातो आणि हे त्याला मिठाचं पाणी टोचणार आणि वर्षभर सांगणार पण नाहीत? ही कुठली पद्धत? आमच्या सोसायटीत एका शिबिरात सगळ्या ज्येष्ठांच्या गुडघ्यात "वंगण" भरून दिलं होतं, पैसे घेऊन, महिन्याभरात सगळे परत लंगडत. निदान त्यांनी पाणी आहे असं तरी सांगितलं नव्हतं.

सरासरी:
फटकळ मावशी, तुमच्या शेवटच्या वाक्यातच सगळं आलं बघा. शिबिरात काय टोचलं, कोणाला किती फरक पडला, कोणी मोजलं का? नाही. इथे निदान पाणी असू शकतं हे चौदा पानांत लिहून देतायत.

मी हिंजवडीत क्लिनिकल डेटाचं काम करते, तेरा वर्षं झाली, त्यामुळे थोडं लांबण लावते.

ओसरी, आधी एक काम करा. संमतीपत्राच्या पहिल्या पानावर सीटीआरआय असा नोंदणी क्रमांक आहे का बघा, त्यात वर्ष आणि महिनाही असतो. ही आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, चाचण्यांची नोंदवही, २००७ पासून सुरू आहे, कोणालाही फुकट बघता येते. किती रुग्ण घेणार, काय मोजणार, एथिक्स कमिटीने कधी परवानगी दिली, सगळं तिथे असतं. क्रमांक नसेल किंवा विचारल्यावर डॉक्टर चिडले तर तिथूनच रिक्षा पकडा. दुसरं, कधीही मधेच बाहेर पडता येईल आणि त्यामुळे पुढच्या उपचारात फरक पडणार नाही असं वाक्य हवं. तिसरं, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार ते. आणि सलाइन गटात असतानासुद्धा व्यायाम आणि दुखण्याची गोळी चालू ठेवता येणार की नाही ते आवर्जून विचारा, माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

आता मिठाचं पाणी कशाला, ते. गुडघा काय रोज सारखा दुखत नाही, चढउतार असतो. माणूस डॉक्टरकडे कधी जातो? अगदीच असह्य झालं की. म्हणजे तिथून पुढे तो बहुतेक थोडा उतरणारच, काही केलं नाही तरी. कांदा शंभरावर गेला की मोर्चा निघतो, महिन्याने भाव उतरतो, आणि मोर्चा काढणारा म्हणतो बघा आमच्यामुळे उतरला. पाण्याचा गट नसेल तर मोर्चामुळे किती उतरला आणि आपसूक किती हे कळणार कसं?

कट्ट्यावरचा_बंड्या:
कांद्याचं उदाहरण नाशिककरांना लागलंय. निषेध.

ओसरी:
सरासरी, खूप आभार. क्रमांक आहे, वेबसाइटवर सापडला पण. व्यायाम दोन्ही गटांना सक्तीचा आहे, फिजिओ शिकवणार. पॅरासिटामॉल चालेल, फक्त वहीत लिहायची. पण दादाचं म्हणणं असं की इंजेक्शनने फायदा होतो हे सगळ्या जगाला माहीत आहे, मग मुद्दाम अर्ध्यांना वंचित ठेवायचं कशाला?

हाडाचा_डॉक्टर:
मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, इथे सल्ला देत नाही, फक्त माहिती. "सगळ्या जगाला माहीत आहे" या वाक्याने आमच्या शाखेची जितकी फजिती केली तितकी दुसऱ्या कशानेच नसेल.

अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलातली गोष्ट. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतला कचरा साफ करायचा, खरवडायचं, धुवायचं, हे ऑपरेशन तेव्हा सर्रास व्हायचं आणि पेशंट बरं वाटतं म्हणायचे. तिथले सर्जन ब्रूस मोझली, ते ह्यूस्टनच्या बास्केटबॉल टीमचे डॉक्टर होते, त्यांनी १८० पेशंटचे तीन गट केले. एका गटाचा गुडघा खरवडला, दुसऱ्याचा नुसता धुतला आणि तिसऱ्याला फक्त तीन छोटे छेद दिले. लिफाफा फोडायचा तो पेशंट टेबलावर आल्यावर, ऑपरेशन थिएटरात. तिसऱ्या गटात सर्जन सगळी हत्यारं मागून घ्यायचा, पाय हलवायचा, गुडघा धुतल्यासारखा आवाज यावा म्हणून पाणी उडवायचा. पेशंटने आधी स्वतःच्या हाताने लिहून दिलेलं होतं की मला खोटं ऑपरेशन मिळू शकतं आणि त्याने माझ्या संधिवाताला काही फायदा होणार नाही, हे मला समजलंय.

दोन वर्षं मोजलं. एकाही टप्प्यावर खऱ्या ऑपरेशनवाल्यांचं दुखणं खोट्यांपेक्षा कमी नव्हतं. चालण्याची आणि जिन्याची परीक्षा घेतली तर काही टप्प्यांवर खरवडलेले लोकच मागे. २००२ साली हे छापून आलं तेव्हा मी रेसिडेंट होतो, आमच्या सरांनी पेपर वाचला, टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "चला, लिस्ट लावा." दुसऱ्या दिवशीच्या लिस्टमध्ये तीच दोन ऑपरेशन्स होती.

फटकळ_मावशी:
म्हणजे तिसऱ्या गटातल्या लोकांना उगीच कापलं! आणि हे तुम्ही कौतुकाने सांगताय डॉक्टर?

हाडाचा_डॉक्टर:
मावशी, उगीच कापलं हे खरंच, आणि त्यावर तेव्हा रणकंदनही झालं. पण हिशोब असा करा. त्या साठेक लोकांना तीन टाके पडले. त्याच्या आधी जगभर किती गुडघे खरवडले गेले असतील? ते कशासाठी कापले होते?

नाचणी:
दंडवत घ्या डॉक्टरसाहेब. "लिस्ट लावा" जबरी.

टांपेरेची_थंडी:
अरे वा, हा धागा माझ्या गावाला येऊन पोचणार असं वाटलंच होतं. मी गेली सहा वर्षं फिनलंडमध्ये टांपेरेला आहे (आयटी, दुसरं काय). ह्यूस्टनवर लोक म्हणायचे एकच सर्जन, बहुतेक सगळे पुरुष पेशंट, वगैरे. मग फिनलंडच्या पाच हॉस्पिटलांनी मिळून गुडघ्यातल्या फाटलेल्या गादीवर तसंच केलं, १४६ पेशंट, ३५ ते ६५ वयाचे, २०१३ साली छापलं. दुर्बीण सगळ्यांच्याच गुडघ्यात घातली, आणि गादी झिजून फाटलीय हे दिसल्यावर लिफाफा. खोट्या गटात तर गादी कापायच्या यंत्राचं पातं काढून ते नुसतं वाटीवर दाबून धरायचे, घर्रर्र आवाज आणि थरथर यावी म्हणून. वर्षाने दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारलेले.

माझ्या ऑफिसातल्या फिनिश बाईला गुडघ्याचं विचारलं तर म्हणाली डॉक्टरने व्यायाम सांगितला आणि घरी पाठवलं, आणि हे ती तक्रार म्हणून नाही, हवामान सांगितल्यासारखं सांगत होती. इकडे आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "काहीच दिलं नाही? मग फी कसली घेतली?"

मेतकूट:
तुमच्या आईला +१. सासूबाई प्रिस्क्रिप्शनवर कमीत कमी चार ओळी नसल्या तर डॉक्टर नवशिका आहे म्हणतात.

गादी_सरकलेला:
विषय निघालाच आहे तर माझं पण. कंबर. वय ४१. वाकून गॅसचा सिलेंडर सरकवला आणि जागेवर कळ आली, सरळच होता येईना. एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये डिस्क बल्ज, डिजनरेशन, डेसिकेशन, इंडेंटेशन, एवढे शब्द की बायको रडायलाच लागली. एका ठिकाणी म्हणाले लगेच ऑपरेशन नाहीतर पाय जाईल. दुसरीकडे गेलो, त्या बाईंनी रिपोर्ट पाकिटातून काढलासुद्धा नाही, मला झोपवलं, पाय उचलून बघितला, अंगठा वर करायला लावला, टाचेवर चालायला लावलं. म्हणाल्या ताकद आहे, लघवीवर ताबा आहे, सहा आठवडे थांबू. सहा कशाला, पाचव्या आठवड्यात मी स्कूटर चालवत होतो. तर प्रश्न असा की रिपोर्ट खोटा होता का?

सरासरी:
रिपोर्ट खरा असेल, भीती मात्र जास्तीची. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले होते, १९९४ चा प्रसिद्ध पेपर आहे, त्यातल्या ५२ टक्क्यांना निदान एका गादीला बल्ज, म्हणजे थोडा फुगवटा, होता. नंतर २०१५ मध्ये असे बरेच अभ्यास एकत्र केले, सगळे न दुखणारे लोक, तीन हजारांवर. त्यात विशीतल्या लोकांमध्येच ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजायला लागलेल्या आणि ऐंशीत ९६ टक्के. म्हणजे केस पिकल्याचा रिपोर्ट काढल्यासारखं आहे. त्या बाईंनी तो शेवटी बघितला असेल, पण आधी तुम्हाला बघितलं.

हाडाचा_डॉक्टर:
सहमत, पण वाचणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. लघवी-शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागेवर बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडत चाललं तर सहा आठवडे नाही, सहा तासही थांबू नका. तिथे ऑपरेशनच. धागा वाचून घरी बसू नका.

आणि ऑपरेशन म्हणजे थोतांड असा सूर लागतोय म्हणून सायटिकाचं, म्हणजे कंबरेतली नस दबून पायात येणाऱ्या कळेचं, सांगतो. नेदरलँड्समध्ये २८३ पेशंट घेतले, सहा ते बारा आठवडे पाय दुखत असलेले. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, अर्ध्यांना थांबवलं आणि गरज पडली तर नंतर. वर्षाने दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे. मग काय फरक? ऑपरेशनवाले कितीतरी लवकर सुटले, आणि थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी शेवटी ऑपरेशन करूनच घेतलं. आता तुम्ही रिक्षा चालवता, रोजचा धंदा बुडतोय, तर तुमचं उत्तर वेगळं आणि पेन्शनर असाल तर वेगळं. पेपर इथपर्यंत आणून सोडतो, पुढे पेशंटशी बोलावं लागतं.

बोलघेवडा:
हाडवैद्याकडे का नाही गेलात कोणी? आमच्या गावच्या वैद्याने माझं मनगट बसवलं, बांबूच्या कांबी आणि पट्टी, एकवीस दिवस. आजही सतार वाजवतो.

कट्ट्यावरचा_बंड्या:
आधी येत होती का?

बोलघेवडा:
नाही. :)

हाडाचा_डॉक्टर:
बोलघेवडे, तुमचं जुळलं, आनंद आहे. वाकडी जुळलेली आणि घट्ट पट्टीने बोटं काळी पडलेली माझ्याकडे येतात, सरळ जुळलेली येत नाहीत, म्हणजे माझंही मत एकांगीच. लिफाफा दोघांनाही लागू.

ओटीवरचे_आजोबा:
मी इथे क्वचित लिहितो, टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला.

१९५९ साली माझ्या थोरल्या बहिणीला मणक्याचा क्षय झाला, ती अकराची, मी नऊचा. सांगलीकडच्या एका दवाखान्यात तिला प्लास्टरच्या अर्ध्या साच्यात उताणी निजवली. सात महिने. उठायचं नाही, कुशीवर व्हायचं नाही. वडिलांनी दाढीचा आरसा खाटेच्या दांडीला सुतळीने बांधून दिला होता, त्यात तिला खिडकी दिसायची आणि खिडकीत कडुनिंबाची एक फांदी. ती मला विचारायची, खाली काय चाललंय रे, आणि मी खोटंनाटं सांगायचो. ती बरी झाली, पुढे दोन मुलं झाली, पाठीत थोडं पोक राहिलं.

माझा भाचा, तिचाच मुलगा, डॉक्टर झाला. त्याने मला एकदा सांगितलं की कोरियात मासान आणि पुसान या गावी इंग्रजांच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने याच आजारावर चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला. मासानला निम्म्यांना सहा महिने दवाखान्यात खाटेवर झोपवलं, निम्म्यांना गोळ्या देऊन घरी सोडलं, हिंडा-फिरा म्हणाले. पुसानला निम्म्या मुलांना प्लास्टरचं जाकीट, निम्म्यांना काही नाही. १९७३ ला निकाल छापला. फरक नाही. औषधं नीट घेतली की बास. झोपवून ठेवल्याने काही अधिक होत नव्हतं.

भाच्याला म्हटलं हे आईला सांगितलंस का. म्हणाला सांगितलं. काय म्हणाली? "मग त्यांनी हे आधी का नाही केलं?"

ओसरी ताई, चिठ्ठीला भिऊ नका एवढंच सांगायचं होतं.

नाचणी:
आजोबा...

फटकळ_मावशी:
आजोबा, तुमच्यापुढे मी गप्प. (बाकीच्यांपुढे नाही.)

हाडाचा_डॉक्टर:
आजोबा, नमस्कार. यात आपल्या देशाचाही वाटा आहे. वाराणसीच्या डॉ. तुलींनी मणक्याच्या क्षयासाठी "मध्यम मार्ग" मांडला. तेव्हा हाँगकाँगची पद्धत होती, छाती-पोटाकडून शिरून खराब भाग काढायचा आणि हाड भरायचं, मोठं ऑपरेशन. तुली म्हणाले औषध सगळ्यांना, ऑपरेशन फक्त ज्याला खरंच लागेल त्याला. गरिबीमुळे आणि ऑपरेशन थिएटरच्या टंचाईमुळे सुचलेली गोष्ट म्हणून तिच्याकडे बघणारे होते, पण टिकली तीच.

अवली:
धागा भरकटलाय पण मस्त भरकटलाय. आता मूळ मुद्दा: पीआरपीचा निकाल आधीच लागला नाहीये का? ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर झालं ना, २०२१ मध्ये आलं होतं. तीन इंजेक्शनं, वर्षभर मोजलं. दुखण्याचा आकडा दहाच्या मापावर पीआरपीत २.१ ने उतरला आणि सलाइनमध्ये १.८ ने. कूर्चा दोन्हीकडे सारखीच झिजली. मग हे हॉस्पिटल पुन्हा तेच कशाला करतंय? पेपर छापून प्रमोशन मिळवायला?

सरासरी:
चांगला प्रश्न, आणि प्रमोशनचं मी नाही म्हणणार नाही :) पण पीआरपी ही एकच वस्तू नाही. रक्त किती वेळा फिरवलं, प्लेटलेट्स किती पट झाल्या, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, प्रत्येकाची रेसिपी वेगळी. पुरणपोळी आवडली नाही म्हणताना कोणाच्या घरची ते सांगावं लागतं. समर्थक म्हणतात ऑस्ट्रेलियातली पातळ होती. असेल किंवा नसेल, म्हणूनच मोजायचं. ओसरी, तुमच्या हॉस्पिटलने प्लेटलेट्स किती ते नोंदवणार असं लिहिलंय का? तसं असेल तर या चाचणीला अर्थ आहे.

फटकळ_मावशी:
अवलीच्या आकड्यात मला दुसरंच दिसलं. सलाइननेसुद्धा १.८ ने उतरलं? मग मला पाणीच टोचा की, स्वस्तात.

सरासरी:
मावशी, तुम्ही आता आमच्या बाजूच्या झालात! सांधेदुखीसाठी लोक घेतात त्या ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्यांवर अमेरिकेत १५८३ लोकांवर चाचणी झाली होती, २००६ ची. तिथे नुसती खडूची गोळी घेतलेल्या ६०.१ टक्के लोकांचं दुखणं निदान पाचव्या हिश्श्याने कमी झालं. (खडू मी म्हणतेय, प्लासिबो म्हणायचंय, म्हणजे आत औषध नसलेली नकली गोळी.) तुमच्या शिबिरातल्या वंगणाला एवढं तर हरवावं लागेल ना.

बोलघेवडा:
ग्लुकोसामाइन माझे वडील अकरा वर्षं घेतायत. बंद करू का?

हाडाचा_डॉक्टर:
त्याच चाचणीत जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटात दोन्ही गोळ्या एकत्र दिल्यावर फरक दिसला होता, त्यावर दुकानं अजून चालू आहेत. एकूण सगळ्यांत मात्र नाही. वडिलांना विचारा. त्यांना बरं वाटत असेल आणि पेन्शनला झेपत असेल तर मी भांडणार नाही. दोन महिने बंद करून बघा म्हणावं, परत सुरू करायला कोणी अडवत नाही.

आणि सगळं प्लासिबो, सगळं खोटं, हेही नको. ठिसूळ हाडाने मोडलेल्या मणक्यात सिमेंट भरायचं ऑपरेशन. २००९ मध्ये दोन चाचण्या एकदमच आल्या, एक १३१ जणांची, एक ७८ ची, दोन्हींत खोट्याइतकंच. पहिल्यात तर पेशंटला सिमेंट कालवल्याचा वास यावा म्हणून खोट्या गटातही त्या रसायनाची बाटली उघडायचे. सगळे म्हणाले संपलं सिमेंट. मग २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातून चाचणी आली, फक्त सहा आठवड्यांच्या आतले ताजे आणि खूप दुखणारे मणके घेतले, १२० पेशंट, तिथे फायदा दिसला. वाद अजून मिटलेला नाही. आणि पूर्ण झिजलेल्या गुडघ्याची वाटी बदलणं, त्याची डेन्मार्कमध्ये १०० जणांवर परीक्षा घेतली, नुसत्या व्यायाम-आहारापेक्षा ऑपरेशन अधिक व्यायाम सरस ठरलं, पण गंभीर त्रासही ऑपरेशनवाल्यांत जास्त झाले, आणि नुसत्या व्यायामवाल्यांतले तीन चतुर्थांश लोक वर्षभर ऑपरेशनशिवाय राहिले. माझ्या केबिनमध्ये हे मी रोज सांगतो, लोक विचारतात "डॉक्टर, तुम्ही काय कराल?"

गादी_सरकलेला:
काय कराल?

हाडाचा_डॉक्टर:
माझाच उजवा दुखतो. व्यायाम करतो. कंटाळतो. परत करतो.

कट्ट्यावरचा_बंड्या:
सुताराच्या घरी मोडकं स्टूल.

ओसरी:
मंडळी, दहा दिवस धाग्यावर आले नाही, क्षमस्व. सगळं वाचलं. दादाला आजोबांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, तो उठून गॅलरीत गेला आणि नंतर काही बोलला नाही. प्लेटलेट्स मोजणार आहेत, लिहिलंय (पान ६).

मग शनिवारी मी चिंचवडला गेले आणि आम्ही सगळे परत तेच बोलत बसलो होतो, गिनीपिग, टक्के, लिफाफा, आणि आई आतून पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि म्हणाली, "अरे, मी केली सही. बुधवारी."

एकटी गेली होती रिक्षाने. तिथल्या कोऑर्डिनेटर मुलीने म्हणे तिला दीड तास बसवून चौदा पानं समजावली. "यादृच्छिकीकरण म्हणजे काय" विचारल्यावर ती मुलगी म्हणाली, काकू, भिशीची चिठ्ठी. आई म्हणाली मग असं लिहायचं ना. मी विचारलं तुला पाणी मिळालं तर? तर म्हणाली, "ती मुलगी दर महिन्याला फोन करून विचारणार आहे, काकू, दहापैकी किती दुखतंय. तुम्ही कधी विचारलंत?"

मी ठाण्याहून रोज फोन करते आणि विचारते जेवलीस का.

मेतकूट:
आत्ताच उठून सासूबाईंना विचारून आले. सात म्हणाल्या. मला तीन-चार वाटलं होतं.

फटकळ_मावशी:
काकूंना माझा नमस्कार सांगा. आणि मला त्या कोऑर्डिनेटरचा नंबर द्या. मस्करी नाही.

सरासरी:
नंबर इथे टाकू नका, संपादक उडवतील. मावशी, सीटीआरआयवर गुडघा शोधा, चालू चाचण्या दिसतील. घ्यायची वयोमर्यादा आणि अटी वाचून मगच जा.

टांपेरेची_थंडी:
अपडेट देत राहा हो ओसरी. इकडे उणे चौदा, गुडघे माझेही वाजतायत.

ओसरी:
धागा वर काढतेय, तीन महिने झाले म्हणून. आईची वही बघितली. दुकानाच्या फुकट डायरीत रोजचा आकडा. पहिल्या पानावर ७, ७, ६, ८ (कंसात: "चकल्या केल्या"). मग ६, ६, ५. मधेच एके दिवशी नुसतं "आज विसरले". या आठवड्यात ४, ४, ४, ५. व्यायामाच्या रबरी पट्टीची एक बाजू पलंगाच्या पायाला बांधलेली आहे आणि नातू तिच्यावर अडखळून दोनदा पडलाय.

नवऱ्याचं म्हणणं पीआरपीच. दादा आता म्हणतो पाणीच आहे, सगळी कमाल व्यायामाची. पैज लागलीय, लिफाफा उघडेल त्या दिवशी हरणाऱ्याने सगळ्यांना सीताफळ रबडी. आईला विचारलं तुला काय वाटतं, तर ती पापडाचं ताट घेऊन गच्चीच्या जिन्याला लागलेली होती, वरच्या वळणावरून म्हणाली, "मला कशाला विचारता, मी चिठ्ठीत आहे."

कट्ट्यावरचा_बंड्या:
रबडीच्या पैजेसाठी एक तटस्थ निरीक्षक लागतो. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.